मोटोक्रॉस मोटारसायकलीचा काटा : घर्षण व त्याचे नियंत्रण

मोटारसायकलीचे पुढचे चाक ज्या दोन समांतर पायांमध्ये बसविलेले असते, त्या रचनेला काटा म्हणतात. सायकलीच्या चिमट्याचेच हे विकसित रूप असून दुरुस्ती करणारे कारागीर त्याला ‘चिमटा’ किंवा ‘शॉकअप’ असेही म्हणतात. काट्याचा प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो व त्यात स्प्रिंग आणि तेल असते. चाक उंचवट्यावर चढले की नळ्या एकमेकींत शिरतात, स्प्रिंग दाबली जाते आणि धक्क्याचा बराचसा भाग हँडलपर्यंत पोहोचत नाही. नळ्यांच्या या सरकण्याला स्पर्शस्थानी जो विरोध होतो, ते काट्यातील घर्षण होय. खाचखळग्यांनी भरलेल्या मातीच्या मार्गावर होणाऱ्या मोटोक्रॉस शर्यतीत स्वाराच्या थकव्याचे हे एक प्रमुख कारण असते. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात कच्च्या वाटांवर रोज मोटारसायकल चालविणाऱ्यालाही ते जाणवते.

काटा ताठ वाटू लागला की स्प्रिंग बदलण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु स्प्रिंग व तेल यांचे कार्य नळ्या सरकू लागल्यानंतर सुरू होते. घर्षणामुळे नळ्या जागच्या हलत नसतील, तर कितीही मऊ स्प्रिंग घातली, तरी लहान धक्के जसेच्या तसे हातात येतात. म्हणून काट्याच्या कोणत्याही जुळणीपूर्वी घर्षण कमी करणे आवश्यक ठरते.

इतिहास : मोटोक्रॉसचा उगम ग्रेट ब्रिटनमध्ये झाला. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेली शर्यत या खेळाचा आरंभ मानली जाते. राष्ट्रीय संघांची ‘मोटोक्रॉस दे नासिआँ’ ही स्पर्धा १९४७ मध्ये, यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये व जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ मध्ये सुरू झाली.

दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणारा आणि तेलाच्या साहाय्याने हेलकावे शमविणारा काटा जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आपल्या ‘आर १२’ या मोटारसायकलीवर बसविला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना जवळजवळ सर्वत्र रूढ झाली. १९७३ मध्ये स्वीडनचा स्वार हाकन आंडरसन याने यामाहा कंपनीच्या, मागील बाजूस एकच धक्काशोषक असलेल्या मोटारसायकलीवर २५० घ. सेंमी. गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर चाकांचा खालीवर होण्याचा पल्ला झपाट्याने वाढत गेला. तोपर्यंत सु. १८ सेंमी. असलेला काट्याचा पल्ला त्या दशकाच्या अखेरीस सु. ३० सेंमी.पर्यंत पोहोचला. पल्ला वाढला तसे नळ्यांवर येणारे वाकविणारे परिबलही वाढले आणि घर्षणाचा प्रश्न तीव्र झाला. नळ्यांचा व्यास सु. ३५–३८ मिमी. वरून पुढे ४६–४९ मिमी.पर्यंत वाढविण्यात आला. तसेच जाड नळी वर व बारीक नळी खाली असलेला उलटा काटा १९९० च्या सुमारास सर्रास वापरात आला. त्यामुळे काटा कमी वाकू लागला.

महाराष्ट्रात या तंत्राला औद्योगिक पार्श्वभूमी आहे. गॅब्रिएल इंडिया या धक्काशोषक बनविणाऱ्या कंपनीची स्थापना १९६१ मध्ये झाली व तिचा पहिला कारखाना मुंबईतील मुलुंड येथे होता. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झाली. बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणारी केटीएमची ‘२०० ड्यूक’ ही मोटारसायकल २०१२ मध्ये भारतीय बाजारात आली. तिच्यामुळे ४३ मिमी. व्यासाचा उलटा काटा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस हा क्रीडागारात माती टाकून तयार केलेल्या मार्गावर खेळला जाणारा मोटोक्रॉसचाच प्रकार आहे.

रचना व घर्षणाची स्थाने : काट्याच्या प्रत्येक पायात बाहेरची व आतली नळी यांच्यामध्ये दोन बुश (सरकते धारवे) असतात. एक बाहेरच्या नळीच्या तोंडाजवळ व दुसरा आतल्या नळीच्या टोकाजवळ असतो. आधुनिक बुश पोलादी पट्टीचे असून त्यांवर सच्छिद्र काशाचा थर व त्यावर टेफ्लॉनचा पातळ लेप असतो. बुशाच्या बाहेरील बाजूस तेल आत राखणारे रबरी ऑइल सील आणि त्याही बाहेर धूळ अडविणारे दुसरे सील असते. आतल्या नळीवर कठीण क्रोमियमाचा मुलामा असतो.

घर्षण मुख्यतः चार ठिकाणी होते : (१) बुश व नळी यांच्यात, (२) सीलच्या ओठांशी, (३) अवमंदनाच्या, म्हणजे हेलकावे शमविण्याच्या, यंत्रणेतील दांडा व दट्ट्या यांच्या सीलांशी आणि (४) दाबली जाताना किंचित बाक घेणारी स्प्रिंग नळीच्या आतील पृष्ठभागाला घासते तेथे. यांपैकी सीलचे घर्षण बरेचसे स्थिर असते. बुशाचे घर्षण मात्र काट्यावर येणाऱ्या भाराबरोबर वाढते.

याचे कारण काट्याच्या कलतेपणात आहे. काटा उभ्या रेषेशी साधारणपणे २६° ते २८° कोन करतो. चाकावर जमिनीकडून सरळ वर येणारी १,००० न्यूटन प्रेरणा व २७° कोन धरल्यास, नळीच्या दिशेने सु. ८९१ न्यूटन घटक मिळतो व तोच स्प्रिंग दाबतो. नळीला लंब असणारा सु. ४५४ न्यूटन घटक काटा वाकवू पाहतो. चाकाचा आस जवळच्या बुशापासून ५०० मिमी. अंतरावर आणि दोन बुशांमधील अंतर २०० मिमी. असेल, तर तरफेच्या नियमाप्रमाणे जवळच्या बुशावर सु. १,५९० व दूरच्या बुशावर सु. १,१३५ न्यूटन भार येतो. हे दोन्ही भार मिळून सु. २,७२५ न्यूटन होतात. म्हणजे जमिनीकडून आलेल्या मूळ प्रेरणेच्या पावणेतीन पट भार बुशांना सोसावा लागतो.

बुशाचा लेप सुस्थितीत असून घर्षण गुणांक ०·०५ असेल, तर या भारामुळे सु. १३६ न्यूटन घर्षण निर्माण होते. लेप झिजून, तेल गढूळ होऊन हा गुणांक ०·१५ झाला, तर घर्षण सु. ४०९ न्यूटन होते. स्प्रिंगपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या ८९१ न्यूटन प्रेरणेपैकी जवळजवळ निम्मी प्रेरणा अशा वेळी घर्षणावर मात करण्यातच खर्च होते. काटा पूर्ण लांबलेला असताना दोन बुश एकमेकांच्या सर्वांत जवळ आणि आस बुशापासून सर्वांत दूर असतो. त्यामुळे धक्क्याच्या आरंभीच, जेव्हा काट्याने सहज हलावे अशी अपेक्षा असते तेव्हाच, भाराच्या मानाने घर्षण सर्वाधिक असते.

स्वारावर होणारे परिणाम : स्थिर पृष्ठभाग सरकू लागण्यास लागणारी प्रेरणा सरकत राहण्यास लागणाऱ्या प्रेरणेपेक्षा सामान्यतः जास्त असते. त्यामुळे घर्षण जास्त असलेला काटा अडखळत सरकतो. प्रथम अडून राहतो व नंतर एकदम सुटतो. लहान खड्ड्यांच्या सलग मालिकेत तो हलतच नाही व चाक, काटा आणि हँडल हे एकच ताठ अंग असल्याप्रमाणे उसळतात. चाक जमिनीवरून उचलले जाते व वळणावर पकड सुटते.

जागतिक अजिंक्यपद मोटोक्रॉसमधील एक शर्यत ३० मिनिटे व त्यापुढे दोन फेऱ्या इतकी चालते आणि एका दिवसात अशा दोन शर्यती होतात. हँडल हिसके देऊ लागले की स्वार मूठ अधिक घट्ट आवळतो; मूठ आवळल्याने कंपने हातात अधिक प्रमाणात शिरतात व हात आणखी लवकर थकतो. अग्रबाहूतील स्नायू सतत आकुंचित राहिल्याने फुगतात. त्यांच्याभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नसल्याने आतील दाब वाढतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि हात भरून येतात. बोटे बधिर होऊन ब्रेक व क्लच यांवरील ताबा कमी होतो. हा प्रश्न म्हणूनच केवळ सुखाचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

घर्षणाचे मोजमाप : काट्यातील घर्षणाचा अंदाज साध्या मोजपट्टीने घेता येतो. मोटारसायकल सपाट जागी सरळ उभी धरून हँडल हळूच खाली दाबावे व सावकाश सोडून द्यावे. काटा थांबेल तेथे आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर हँडल किंचित वर उचलून सावकाश खाली येऊ द्यावे व तेच अंतर पुन्हा मोजावे. घर्षण शून्य असते, तर दोन्ही अंतरे सारखी भरली असती. प्रत्यक्षात त्यांत फरक पडतो. हा फरक घर्षणाच्या दुपटीला स्प्रिंगच्या ताठपणाने भागल्यावर येणाऱ्या संख्येइतका असतो. दोन्ही पायांतील स्प्रिंगांचा एकत्रित ताठपणा दर मिमी.स ९ न्यूटन व फरक २० मिमी. असल्यास, घर्षण ९० न्यूटन होय. मोजताना पुढचा ब्रेक दाबलेला नसावा व चाक मोकळे फिरू द्यावे; अन्यथा टायर व जमीन यांतील घर्षणही त्यात मिसळते. मापन तीनचार वेळा करून सरासरी घ्यावी. पुढे वर्णिलेला प्रत्येक उपाय केल्यावर हीच चाचणी पुन्हा केल्यास त्याचा खरा उपयोग कळतो.

घर्षण कमी करण्याचे उपाय : सर्वांत स्वस्त व अनेकदा सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे दोन्ही पाय परस्परांशी समांतर करणे. चाक काढून बसविताना आस घट्ट करण्याच्या ओघात एक पाय आत ओढला किंवा बाहेर रेटला गेला, तर नळ्या सर्व पल्लाभर बुशांना एका बाजूने घासतात. हे टाळण्यासाठी आसाची चाकी प्रथम आवळतात, परंतु एका पायाच्या टोकाशी आसाला कवटाळणारे बोल्ट सैल ठेवतात. मग मोटारसायकल खाली उतरवून काटा काही वेळा जोराने दाबतात. सैल पाय आसावर सरकून आपल्या नैसर्गिक जागी येतो व त्यानंतरच ते बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या परिबलाने आवळतात. पडझडीनंतर काटा धारकात पिळला गेला असल्यास धारकाचे बोल्ट सैल करून तो सरळ करावा लागतो.

धारकाचे बोल्ट गरजेपेक्षा अधिक आवळणे हेही घर्षणाचे एक कारण आहे. उलट्या काट्यात खालचा धारक बाहेरच्या नळीला धरतो व बुश त्या नळीच्या आतून सरकतो. बोल्ट फार आवळले तर नळी किंचित लंबगोल होते व बुश तेथे अडकतो. असे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आणि परिबलदर्शक पान्याने आवळतात.

सीलच्या ओठांत बारीक खडे किंवा वाळलेली माती अडकली की घर्षण वाढते व तेलही गळू लागते. धुळीचे सील खाली सरकवून, पातळ लवचिक पट्टी ओठाखाली फिरवून ही घाण काढता येते. पूर्वी कारागीर यासाठी छायाचित्रणाच्या फिल्मचा तुकडा वापरीत. नवीन सील बसविताना रबराला अपाय न करणारे ग्रीस ओठांना लावतात. कोरडे सील नळीला चिकटते.

काट्यातील तेल वंगण व अवमंदन अशी दोन्ही कामे करते. मोटोक्रॉसच्या काट्यात ४०° से. तापमानास सु. १५ ते २० सेंटिस्टोक श्यानतेचे पातळ तेल सामान्यतः वापरतात. बुशाची झीज, ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण व बाहेरून शिरलेले पाणी यांमुळे ते करडे व गढूळ होते. तेल वेळेवर बदलणे व त्या वेळी आतील भाग धुऊन काढणे हा घर्षण कमी राखण्याचा खात्रीचा मार्ग आहे. काळसर टेफ्लॉन जाऊन खालचा पितळी रंग दिसू लागलेले बुश बदलावे लागतात. नळीवरील क्रोमियमाला दगड लागून टवका उडाला असेल, तर त्याची उंच कडा अतिशय बारीक पॉलिश कागदाने घासून सपाट करतात. शर्यतीच्या मोटारसायकलींत नळ्यांवर टायटॅनियम नायट्राइड किंवा हिऱ्यासारख्या कठीण कार्बनाचा पातळ थरही देतात.

वापरात काट्यातील हवा तापते व तिचा दाब वाढतो. हा दाब सीलच्या ओठांना नळीवर अधिक दाबतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, काटा पूर्ण लांबलेल्या स्थितीत माथ्यावरील स्क्रू क्षणभर सैल केल्यास जादा हवा निघून जाते. ज्या काट्यात हवाच स्प्रिंगचे काम करते त्याला हे लागू नाही. होंडा कंपनीने २०१३ च्या ‘सीआरएफ ४५० आर’ या मोटारसायकलीत स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा काटा बसविला होता. वजन कमी होणे व जुळणी सोपी होणे हे त्याचे फायदे होते, परंतु दाब राखण्यासाठी अधिक घट्ट सील आवश्यक ठरतात व त्यांचे घर्षण वाढते. २०१७ च्या प्रतिमानात कंपनी पुन्हा पोलादी स्प्रिंगकडे वळली.

काळ्या मातीच्या प्रदेशातील वापर : अक्कलकोट तालुका बोरी व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत, कर्नाटकाच्या सीमेवर वसलेला आहे. येथील काळी जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या अपक्षयापासून बनली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण ०·००२ मिमी.पेक्षाही लहान असून ते पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात ही माती पिठासारखी उडते, तर पावसाळ्यात शेतवाटांवर ती चाकाला व काट्याला लगद्यासारखी चिकटते. नळीवर थापला गेलेला चिखल वाळला की त्याचा कठीण थर बनतो. काटा दाबला गेल्यावर तो सीलच्या ओठावर खरवडला जातो व बारीक कण आत शिरतात.

चिकणमाती स्वतः मऊ असते, मात्र वाटेवरच्या मुरुमातील व वाळूतील कठीण कण तिच्याबरोबर आत जातात. हे कण टेफ्लॉनच्या मऊ लेपात रुतून बसतात व बुशाचे रूपांतर जणू पॉलिश कागदात होते. ओल्या मातीच्या थराखाली मुलाम्यातील सूक्ष्म भेगांतून गंजही सुरू होतो आणि गंजाचा प्रत्येक ठिपका सील कापीत राहतो.

गावातून दूध संकलन केंद्रापर्यंत किंवा शेतातून बाजारापर्यंत मागे ओझे लादून जाणाऱ्या मोटारसायकलीत आणखी एक अडचण येते. ओझे मागील आसाच्याही मागे गेले की पुढचे चाक हलके होते व काटा जवळजवळ पूर्ण लांबलेल्या स्थितीत राहतो. वर सांगितल्याप्रमाणे याच स्थितीत बुश एकमेकांच्या जवळ असतात व लहान धक्क्याला काटा सहजी हलत नाही. ओझे शक्य तितके पुढे व खाली बांधल्यास वाहनावरील ताबा सुधारतो आणि काटाही अधिक मोकळेपणाने काम करतो.

अशा प्रदेशात काही साध्या सवयी पुरेशा ठरतात. चिखल वाळण्यापूर्वी नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. जोरदार पाण्याचा झोत थेट सीलवर मारू नये, कारण तो माती आतच ढकलतो. नळ्यांवर रबरी भाते बसविल्यास धूळ व दगड यांपासून संरक्षण मिळते. भात्यात पाणी साचून राहू नये म्हणून ते अधूनमधून सैल करून आतून कोरडे करावे लागतात.

मर्यादा : घर्षण पूर्णपणे नाहीसे करता येत नाही व सर्वच परिस्थितींत ते किमान करणेही हिताचे नसते. सैल सीलमुळे घर्षण घटते, परंतु तेल गळून ब्रेकच्या तबकडीवर गेल्यास ब्रेक निकामी होण्याचा धोका असतो. शर्यतीतील काटा वरचेवर उघडून साफ केला जातो. म्हणून तेथे हलके सील चालते. रोजच्या वापरातील काटा महिनोन्‌महिने उघडला जात नाही. तेथे धूळ अडविणारे घट्ट सीलच योग्य ठरते. तसेच घर्षण हेही एक प्रकारचे अवमंदन असल्याने ते कमी झाल्यावर काटा अधिक उसळू लागतो व तेलाचे अवमंदन त्या मानाने वाढवावे लागते. मात्र तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि नळी स्थिर असताना शून्य होतो; घर्षण नळी स्थिर असतानाच सर्वाधिक असते. यामुळे घर्षणाने हेलकावे शमविण्यापेक्षा तेलाने शमविणे स्वाराच्या हातांना नेहमीच सुसह्य असते.